पांढरीवरचा पौष

ज्वारी हुरड्यावर आली आहे. सकाळी शाळेकडे जाताना बांधाबांधावर आगट्या धुमसताना दिसतात. गोवरीचा धूर धुक्यात मिसळून जमिनीलगत पसरतो आणि त्यात भाजल्या कणसाचा गोडसर वास असतो. कुणीतरी हाक मारतं, "या मास्तर, दोन मुठी खाऊन जा." मी हात हलवून पुढं जातो. पाच वर्षं झाली, मी हुरडा खात नाही. घरात विचारतात, "पित्त होतं का?" मी हो म्हणतो. इतकं सोपं उत्तर समोरूनच मिळत असेल तर खरं कोण सांगत बसतो? माझं सगळं असंच होत गेलं. कुणी सोपं उत्तर पुढं केलं की मी ते घेतलं.

यंदा तसं केलं नाही. ते कसं झालं ते लिहायचं आहे, आणि लिहिताना मी स्वतःला कुठं सांभाळून घेतोय असं वाटलं तर वाचणाऱ्यानं खुशाल तसं समजावं. सवय जुनी आहे.

आमचं गाव राजूरहून जाफराबादेकडं जाताना, पूर्णेच्या अलीकडं. गावाच्या उगवतीला एक उंचवटा आहे, त्याला आम्ही पांढरी म्हणतो. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. पण या पांढरीवर कुणाच्या आज्याच्या आज्यानंही घर पाहिलेलं नव्हतं. नुसती राखेसारखी भुरकट माती, बोरीची झाडं आणि पावलागणिक खापऱ्या. आमची घरं धाब्याची. दरवर्षी मृगाच्या आधी बाया टोपली घेऊन पांढरीवर जात, माती खणून आणत आणि छतावर अंथरून चोपत. त्या मातीतून पाणी खाली उतरत नाही. खणता खणता कधी मणी निघे, कधी अख्खं मडकं. मणी पोरीच्या गळ्यात जाई, मडकं कोंबड्यांच्या पाण्याला. कुणाचं तरी जुनं गाव आमच्या डोक्यावर पसरलेलं होतं आणि त्याच्याखाली आम्ही निवांत झोपत होतो. त्यात भुताखेताचं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. ते नंतर.

आता तिथं तारेचं कुंपण आहे. फाटकाशी निळी पाटी. खोदाईचे खड्डे तसेच ठेवून त्यांच्या कडा दगडांनी बांधल्या आहेत. वाकून पाहिलं की दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींचे पाय, चुलीची जागा, विटांची मोरी दिसते. पायवाटेला दोन्ही बाजूंनी चुना लावलेले दगड. कोपऱ्यात पत्र्याची एक खोली आणि तिच्यात काचेच्या चार पेट्या. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला आलेली माणसं परत जाताना इथं उतरतात. बाया चुलीपाशी थबकतात. "आपल्यासारखीच की गं," म्हणतात. बाप्ये मोरी बघतात आणि आपल्या गावात अजून मोऱ्या नाहीत यावर दोन शब्द बोलतात. आणि शेवटी सगळे पत्र्याच्या खोलीतल्या तिसऱ्या पेटीभोवती जमतात. तिच्यात वाळूवर एका तान्ह्या लेकराची हाडं मांडली आहेत. एखाद्या पाखराची असावीत इतकी बारीक.

त्या हाडांवरची पहिली चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती.

अक्षरामुळंच मी तिथं गेलो. पाच वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर खोदाईवाले वझे साहेब दोन तंबू आणि बैलगाडीभर सामान घेऊन आले. गावात वाकडं न होता लिहिणारा कोण, असं त्यांनी विचारलं आणि माझं नाव पुढं आलं. शाळा सकाळची होती. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मी पांढरीवर. हजेरी घ्यायची आणि निघालेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची. कोणता खड्डा, किती हात खोल, कोणता थर. साहेब उंच, वाळलेले, सदा सर्दीनं बेजार. पण मातीच्या कापलेल्या भिंतीपुढं उभे राहिले की पोथी वाचल्यासारखे वाचत. ही राख, ही सारवलेली जमीन, हा पूर. मला म्हणत, "मास्तर, वस्तूला किंमत नाही, तिच्या जागेला आहे. थर चुकला की वस्तू मुकी झाली." आणि एकदा, एका ठिकाणी मातीचा रंग बदलला होता तिथं बोट ठेवून म्हणाले, "इथं कुणीतरी खणून पुन्हा बुजवलंय. जमीन एकदा उकरली ना, की ती खूण कधी जात नाही. हजार वर्षांनी पण रंगात दिसते."

मी ते वहीत लिहून ठेवलं. मला असं बोलणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं.

त्या हिवाळ्याचे आवाज अजून कानात आहेत. चाळणीचा खर्र खर्र. कुंच्यानं खापरी झाडतानाचा कोरडा आवाज. टोपली रिकामी झाल्याचा भस्स. आणि बायांचं बोलणं, ते तर थांबायचंच नाही.

"खापराला चिठ्ठ्या बांधून राह्यले मास्तर. उद्या त्यायला शाळंत घालतील."

"घालू दे की. तुझ्या पोरापक्षी बराबर पाढे म्हणतील."

"आन साहेब काय शोधून राह्यला गं?"

"त्याचं काय हरवलंय ते त्यालाच ठावं न्हाई. मंग सापडंल कसं?"

हे शेवटचं बोलणारी गिरजाबाई. धनगरवस्तीवरची, माझ्याच वयाची. तिचा नवरा येमाजी वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असायचा. काम करायची ती दोघींचं, आणि तिच्या तोंडाला कुणी लागायचं नाही. पहिल्याच दिवशी हजेरी सांगून झाल्यावर ती माझ्यापुढून हलली नाही.

"मास्तर, तुमाला ठावं हाय. माझं लेकरू हितं हाय."

"ठाऊक आहे."

"मोठ्या बोरीच्या बुडाला. तितं खणणार न्हाईत ना?"

"मी आहे ना इथं," मी म्हणालो. "तिथं नाही खणू देणार."

"मंग ठीक हाय," म्हणून तिनं टोपलं उचललं. पुन्हा विचारलं नाही.

मला ठाऊक होतं, कारण तो खड्डा मी खणला होता. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षीचा भाद्रपद. ती सगळी धामधूम ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. भीतीनं गाव रिकामं झालं होतं. आम्ही पाचपन्नास माणसं चार दिवस पांढरीच्या मागच्या घळीत, भिजत, लेकरांची तोंडं हातानं दाबून बसलो होतो. गिरजाबाईचं पोर आधीच तापानं फणफणलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते तिच्या मांडीवर गेलं. येमाजी मेंढरांमागं कुठं होता कुणालाच माहीत नव्हतं. ती रडली नाही. उठून घराकडं पळत गेली, अडवलं तरी थांबली नाही, आणि येताना कोंबड्यांच्या पाण्याचा रांजण घेऊन आली. पांढरीतूनच कधीतरी निघालेला, जाड, तांबडा, गळ्याशी फुटका. दुसरं काही हाताशी लागलं नव्हतं तिच्या. लेकराला तिनं त्यात बसवलं, आपल्या लुगड्याचं फडकं तोंडाला बांधलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, खोल खणा. कोल्हं हायेत." मी कमरेइतकं खणलं. वरून कशीबशी माती लोटली. रांजण जिथून आला होता तिथंच परत गेला, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात येणार होता?

साहेबांना मी हे सांगायला हवं होतं. सांगणं अवघडही नव्हतं. सुतळ्या ताणून खड्ड्यांच्या रेघा आखल्या तेव्हा मी साहेबांच्या शेजारी खुंट्या धरून उभा होतो. रेघ बोरीवरून गेली. मी सांगणार होतो, तेवढ्यात साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही आमच्यातलेच झालात आता." मी खुंटी ठोकली. मनाशी म्हटलं, खणत खणत इथवर यायला महिना लागेल, तोवर बोलू. दोन दिवसांनी बोर तोडली. गिरजाबाईला मी आपणहून म्हणालो, झाड तेवढं काढलंय, बूड खणणार नाहीत. महिनाभरात भोवतालची माती निघून पांढरीचं रूपच बदललं, जिथं चढ होता तिथं खड्डा आणि जिथं सपाट होतं तिथं मातीचा ढीग. गिरजाबाईला जागा ओळखू येईना. मला येत होती.

तोवर साहेब खचत चालले होते. दुसऱ्या कुठल्या खोदाईत त्यांनी रांजणात पुरलेली लेकरं पाहिली होती, फार जुन्या काळची. इथंही तसं निघेल अशी त्यांची आशा. निघत होत्या त्या खापऱ्या. वरून पत्र आलं की होळीपर्यंत आवरतं घ्या. त्या संध्याकाळी आम्ही हुरडा खात बसलो होतो. साहेब कणीस चोळताना म्हणाले, "मला इथलं एक माणूस भेटायला हवं होतं, मास्तर. एक तरी." भांडी भेटतात, घरं भेटतात, माणूस भेटत नाही, असं काहीतरी. मला त्यांची फार कणव आली. ती कणव खरी होती, एवढं मी अजूनही म्हणेन.

पौषातली चतुर्थी आली. निम्म्या बाया राजूरला गेल्या, गिरजाबाईही गेली. आदल्या दिवशीपर्यंत त्याच खड्ड्यातली माती तिनं डोक्यावरून वाहिली होती. साहेब औषधाला जालन्याला गेले होते. खड्ड्यात एक म्हातारा गडी आणि वर मी. दुपारी त्याची कुदळ कशावर तरी वाजली. मी उतरलो. रांजणाचा गळा दिसत होता, आणि भोवतालच्या घट्ट मातीत कमरेइतक्या खड्ड्याची कड स्वच्छ उमटली होती. गढूळ, भुसभुशीत, कालवलेली माती. साहेबांनी पाहिली असती तर एका नजरेत म्हणाले असते, हे कालपरवाचं आहे.

म्हाताऱ्याला मी भाकरी खायला पाठवलं.

मग मी खुरप्यानं ती कड खरवडून काढली. सगळी भुसभुशीत माती काढली, घट्ट मातीवर पाणी शिंपडून कुंच्यानं सारखी केली. रांजणाच्या तोंडाला कुजक्या फडक्याचा चिमूटभर तुकडा चिकटला होता, काठाचा, हिरव्या रंगाचा. तो खिशात घातला आणि घरी जाऊन पाणी तापवायच्या चुलीत टाकला. चिठ्ठीवर लिहिलं, तिसरा थर, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा. अक्षर चांगलं आलं.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आणि वेळोवेळी वेगळी उत्तरं दिली. साहेबांसाठी. खोदाई चालावी, गावाला काम मिळावं म्हणून. गिरजाबाईला कळून दुःख नको म्हणून. या सगळ्यात थोडं थोडं तथ्य असेल. पण खुरपं हातात होतं तेव्हा मनात काय होतं ते मला आठवतं. साहेब परत आल्यावर कसे धावत येतील आणि माझ्या खांद्यावर कसा हात ठेवतील, ते मी पाहत होतो. ते सापडायला हवं होतं, आणि मला सापडायला हवं होतं.

ते धावत आले. खांद्यावर हात ठेवला. रांजण काढताना फुटला; खापरं पोत्यात भरली, हाडं कापसात.

दुसऱ्या दिवशी लेकरू सापडल्याची बातमी धनगरवस्तीवर पोचली आणि गिरजाबाई पळत आली. पदर खांद्यावरून सुटलेला, पायात काही नाही. साहेब तंबूत लिहीत होते. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली, धापेमुळं तिला बोलता येईना.

"मास्तर... माझं न्हाई ना ते?"

कुणाला वाटेल तितका वेळही मी घेतला नाही. लगेच म्हणालो, "नाही. ते दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. साहेबांनी सांगितलंय."

"बराबर बघितलं ना तुमी?"

"बघितलं."

"मंग माझं कुठशिक हाय?"

मी हात लांब केला. खड्ड्यापलीकडं, सुतळीच्या खुंट्या होत्या त्या बाजूला एक काळा दगड पडला होता. "तो दगड आहे ना, तिथं," मी म्हणालो. "तिथं कुणी खणलेलं नाही."

ती दगडापर्यंत गेली, हातानं माती चाचपली, आली. मग तंबूकडं, कापसातल्या हाडांच्या पेटीकडं लांबूनच बघून म्हणाली, "त्याच्या आईला कसं वाटलं आसंल हो." आणि टोपलं उचलून कामाला लागली.

यानंतरचं सगळं साहेबांच्या मनासारखं झालं. खोदाई आणखी दोन हिवाळे चालली. अहवालात माझं नाव आलं, आभार म्हणून. कुंपण आलं, पत्र्याची खोली आली, पेट्या आल्या. आणि झाडलोटीला बाई हवी म्हणून गिरजाबाई लागली. तीन वर्षं ती रोज सकाळी चार पेट्यांच्या काचा पुसते आहे. बाकीच्या तीन फडक्यानं आणि तिसरी पदरानं.

मी शाळेच्या वाटेनं जाताना तारेतून ते बघत होतो. वाट बदलता आली असती. नाही बदलली; त्यालाही मी प्रायश्चित्त वगैरे मोठं नाव दिलं होतं मनात. वस्तीवर मेंढी व्याली की पहिलं चिकाचं दूध गिरजाबाई वाटीत आणायची आणि त्या काळ्या दगडावर ओतायची. पुढं पायवाट आखणाऱ्यांनी त्या दगडालाही चुना फासून रांगेत बसवला. तिला विचारून हलवला की काय, माहीत नाही. ती त्याच रांगेतला बरोबर तोच दगड शोधून दूध ओतत राहिली.

हे सगळं डोक्यात घेऊन माणूस शाळेत शिकवतो, लग्नाला जातो, जेवतो, आणि कुणाला कळत नाही. माझ्या घराच्या छतावर पांढरीची माती आहे. उन्हाळ्यात ती तडकते, बारीक धूळ अंथरुणावर पडते. पूर्वी आम्ही ती झटकायचो. त्या वर्षांत मी ती झटकेनासा झालो. कुणाची असेल काय सांगावं.

यंदा पौष लागला आणि चतुर्थीची गर्दी येऊन गेली. संध्याकाळी चारच्या सुमाराला मी फाटकातून आत गेलो. का गेलो, कारण नव्हतं. पत्र्याच्या खोलीत तिरपं ऊन आलं होतं आणि गिरजाबाई काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होती.

"लई बोटं लावतेत लोक," ती म्हणाली. "ह्याच पेटीला जादा. मास्तर, एक इचारू का?"

"विचार की."

"वस्तीवर आज मेंढी व्याली. माझ्याला घालते मी दूध दगडावर. ह्याचं कोण हाय? ह्याच्या नावानं बी थोडं घातलं, पेटीच्या बुडाशी, तर सरकार काय म्हणंल का?"

मी भिंतीला टेकलो. पत्रा उन्हानं तापलेला होता.

"गिरजाबाई, बस जरा."

"बसते की. पर काय झालं? तोंड का उतरलं?"

"हे तुझंच आहे."

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. सुतळी, खुंटी, चतुर्थी, खुरपं, फडक्याचा तुकडा. कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे साहेबांच्या शिकवणीप्रमाणं बरोबर लावून सांगितलं. याची मला आज लाज वाटते. पदराचं टोक तिच्या हातात होतं, ते तसंच काचेला लावलेलं.

"आन दगड?" शेवटी ती म्हणाली.

"दगड मी खोटा दाखवला."

"पाच वर्सं दूध वतून राह्यले मी तितं."

"हो."

"कुत्रे पेत आसतील," ती म्हणाली. आणि काचेकडं वळली. बाहेर कुणाची तरी बैलं चालली होती, घुंगरं येऊन गेली. मी वाट पाहत होतो की ती ओरडेल, मारेल, गावाला गोळा करेल. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. तेवढ्यानं फिटलं असतं.

ती म्हणाली, "ह्या कागदावर काय लिवलंय ते वाचा."

पेटीतला कागद आता छापील आहे, साहेबांनी पाठवलेला. मी वाचला. "अर्भक. वय सुमारे सात महिने. खालच्या जबड्यात पुढचे दोन दात फुटण्याच्या बेतात."

"सातवाच लागल्ता," ती म्हणाली. मग एकदम, "दात?"

"दोन. खालचे."

तिनं आपलं बोट आपल्या खालच्या हिरडीला लावलं, कुणी बघतंय याचं भान नसल्यासारखं. "लई रडायचा घळीत. मुठी चावायचा. मी म्हणलं भुकंनं. माझं दूध भेवानं आटल्तं. दातच येऊन राह्यले व्हते म्हणा त्याला." आणि मग तिचा चेहरा बदलला. "मास्तर, दात आले का लेकराला पुरत न्हाईत. अग्नी द्यावा लागतो. दाताच्या आतलं लेकरू तेवढं मातीचं. मी बघितलंच न्हाई त्याचं तोंड उघडून. मी चुकीचं घातलं का त्याला?"

मी समोर उभा होतो, आणि ती चूक स्वतःची शोधत होती.

"फुटण्याच्या बेतात म्हंजी काय? हिरडीच्या आत का भायेर?"

"मला नाही माहीत."

"ज्यानं लिवलं त्याला माहीत आसंल ना? त्याला इचारा. लिवा त्याला." पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "समदं लिवा. पर हे आधी इचारा. बाकी तुमचं तुमी बघा."

मी दुसऱ्या दिवशी लिहिलं. साहेब आता लांब असतात, निवृत्तीला आलेत. चार कोरे कागद लागले. तिचा प्रश्न सगळ्यात वर लिहिला आणि त्याच्याखाली बाकीचं, कबुली म्हणून, सही करून. पाकीट टपालपेटीत टाकलं. साहेबांना इथं भेटलेलं ते एकच माणूस होतं. तेही मी काढून घेत होतो.

उत्तर यायला अठरा दिवस लागले. एरवी त्यांची पत्रं "प्रिय मास्तर" अशी सुरू व्हायची. या पत्रावर "महाशय" होतं. रागाचा एक शब्द नव्हता. अहवालातलं ते पान मी मागं घेत आहे, असं होतं. पेटी आईच्या हवाली करावी म्हणून वर लिहिलं आहे, मंजुरीचा कागद मागून येईल. आणि शेवटी: "बाईंच्या प्रश्नाबद्दल. दात जबड्याच्या हाडातून वर आलेले होते. पण ते हिरडीबाहेर दिसत होते की नाही, हे हाडावरून सांगता येत नाही, कारण हिरडी मातीत उरत नाही. हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. तसं त्यांना कळवावं."

काल मंजुरीचा कागद आला. मी धनगरवस्तीवर गेलो. येमाजी कोकरांना पाला घालत होता, त्यानं मला राम राम केला नाही. गिरजाबाईनं त्याला सांगितलेलं दिसत होतं. ती वाघरीच्या, मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, कडेला खाली बसलेली. मी उभ्यानंच पत्र वाचून दाखवलं. हिरडीच्या ओळीपाशी तिनं हात वर केला, पुन्हा वाचायला लावली.

"उरत न्हाई म्हणता हिरडी."

"नाही उरत."

"मंग आता कुणालाच ठावं न्हाई."

"कुणालाच नाही."

एक कोकरू येऊन तिच्या लुगड्याला तोंड लावत होतं, तिनं त्याला ढकललं नाही. येमाजी पाला टाकायचा थांबला होता. त्यानं तिच्यावरच सोडलेलं होतं.

"जाळायचं म्हंजी पुन्हा त्याला उचला, लाकडावर ठिवा," ती येमाजीला म्हणाली, मला नव्हे. "लई उचलाउचल झाली त्याची. मातीतच घालू. आपल्या बांधाला. कुंपनात न्हाई."

येमाजीनं मान हलवली.

मी पत्राची घडी केली. जावं की थांबावं कळेना. आपण येऊ का, हे विचारण्याचा मला हक्क नव्हता आणि न विचारता निघून जायचाही नव्हता. मी तसाच उभा राहिलो. तिनंच शेवटी वर बघितलं.

"परवा सकाळी," ती म्हणाली. "तुमी या. कुठं घातलं ते ठावं असणारं अजून एक मानूस पाहिजे. पर कुदळीला हात लावू नका. या बारीला मी खणते."